लाल घागऱ्यापाशी डावीकडे

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापड मार्केटच्या आत शिरलं, की फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका पोहायले लागते. खरं सांगते. रस्त्यावर तो शहाण्यासारखा आपल्या पायाखाली राहते, पण आत तीन मजले, डोक्यावर स्लॅब, चारही बाजूनं कापडाची थानं, मंग त्याले काही सुचत नाही. आपण जिन्यापाशी उभं, तो चादरीच्या दुकानात. आपण थांबलो, तो भिंतीतून आरपार शेजारच्या गल्लीत. मी तर कितीदा काम सोडून नुसती त्याच्याकडं पाहत उभी राहिली आहे. आतमध्ये आवाजही कापडात मुरून जाते. हमाल बाजूनं ओरडत गेला तरी वाटते, दुसऱ्या कोणत्या तरी गावात ओरडून राहिला.

आमचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट यातूनच निघालं. इमारतीच्या आत रस्ता शोधायचा असंन तर फोनवर काय बरं पडते, नकाशा का लिहिलेल्या सूचना? मार्केट मी निवडलं, नकाशा मी दुकानं मोजून मोजून काढला, अन् सूचनाही मीच लिहिल्या. एका वेळी एक ओळ, 'पुढे' दाबलं की दुसरी. सरांचा नियम एकच होता. ज्याच्या हातात फोन दिला त्याच्या मागून चालायचं अन् तोंड उघडायचं नाही. चुकला तर चुकू द्यायचं.

अन् मंग त्यात माझी मावशी आली.

मावशी भिवापूरले राहते, घरी ब्लाउज शिवते. समोरच्या खोलीत मॅचिंग सेंटर टाकायचं हे तिच्या डोक्यात किती वर्षांपासून आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, सगळ्या रंगात. पण मावसाजी मिरचीच्या कामात असतात. त्यांनी म्हटलं, दर पंधरा दिवसानं नागपूरहून माल कोण आणंन? माह्या भरवशावर राहू नको. एकदा एकटी जाऊन, चांगला माल घेऊन, पाचच्या बसनं वापस ये, मंग बोलू. मावशी आतापर्यंत प्रत्येक वेळी त्यांच्या मागं मागंच मार्केटमध्ये गेली होती. तिनं मले फोन केला, "तुह्या त्या मोबाइलवाल्या परीक्षेत मले घे. पण मले दाखवत फिरू नको, एकटी म्हणजे एकटी."

मी म्हटलं, नियमच आहे तसा.

दुपारी बाराच्या सुमारास गेटपाशी मी तिले कोणत्या अस्तरवाल्याकडं पोचायचं त्याचं नाव सांगितलं, अन् आधी नकाशा दाखवला. तिनं फोन आडवा केला, उभा केला, चष्मा वर सरकवला.

"हे तं कटिंगच्या कागदावानी दिसून राहिलं."

"तसंच समज न मावशी. हा जिना, ही गल्ली."

"समजतो. पण कागद मी कापडावर ठेवतो न वं. यात मी मले स्वतःले कुठं ठेवू?"

मी ठिपका दाखवला. तो तेव्हा नेमका एका खांबाच्या आत होता. मावशी म्हणाली, "राहू दे त्याले. लिहिलेलं दे. वाचता येते मले."

ती निघाली. मी पाच दुकानं सोडून मागं. पहिली ओळ, पाण्याच्या टाकीजवळचा जिना चढा. चढली. दुसरी, चादरींच्या गल्लीत सरळ चला. चालली. वरच्या मजल्यावर स्लॅब नव्हता, प्लास्टिकच्या पत्र्यातून ऊन येऊन राहिलं होतं, अन् ज्या दुकानावरून ती जाई त्या दुकानाचा रंग तिच्या पांढऱ्या केसांवर चढे. गुलाबी झाली, मंग हिरवी, मंग एकदम हळदीसारखी. मले वाटलं, ही अशीच चालत राहावी अन् मी अशीच मागं, कुठं पोचायलेच नको.

तिसरी ओळ होती, लाल घागऱ्याच्या पुतळ्यापाशी डावीकडे वळा.

पुतळा तिथं नव्हता.

मी पंधरा दिवसांपूर्वी लिहिलं तेव्हा होता, मी त्याच्या बाजूले उभी राहून लिहिलं होतं. आता थंडी लागली होती, दुकानाचा अख्खा दर्शनी भाग बदलला होता, अन् त्या जागी रजयांची चळत. मार्केटमध्ये पुतळ्यांचे कपडे बदलतात, पुतळे इकडून तिकडे जातात, हे शेंबड्या पोराले कळते. मले नाही कळलं. मावशी पुतळा शोधत पुढं गेली, आणखी पुढं गेली, अन् तीन गल्ल्या सोडून एका दुकानाबाहेर लाल घागरा घातलेली प्लास्टिकची बाई हात पुढं करून उभी होती. मावशीनं तिच्याकडं पाहिलं, समाधानानं 'पुढे' दाबलं, अन् डावीकडे वळली.

अगदी मी लिहिलं तसं. ती कुठंच चुकली नव्हती.

आता काय करू? आवाज दिला तर एकटीनं जाणं तिथंच संपलं, कारण मावशी घरी जाऊन खोटं बोलणाऱ्यातली नाही. नाही दिला, तर ती फिरत राहीन, माल मिळणार नाही, बस जाईन, अन् खोलीचा विषय पुन्हा निघणार नाही. तेही माझ्या एका ओळीपायी. मी ओढण्यांच्या मागं लपली. माझा हात ओढणीच्या उजेडात नारिंगी दिसत होता, कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

चौथी ओळ म्हणत होती, हिरव्या शटरचं तिसरं दुकान. तिथं शटर निळं. मावशी थांबली. मागे दाबलं, पुढे दाबलं. बोर्ड वाचला. मंग फोन पिशवीत टाकला अन् हळूहळू चालायले लागली, एका हाताची बोटं बाहेर ठेवलेल्या थानांवरून उलटी फिरवत. एक दुकान, दोन, चार. पाचव्यापाशी बोटं थांबली. चपला काढल्या अन् गादीवर जाऊन बसली.

"आइए भाभीजी, क्या दिखाऊँ?"

"अस्तर. सगळे रंग काढा."

सेठनं थानं उलगडायले सुरुवात केली, एकावर एक, अन् मावशीच्या मांडीपर्यंत रंगांचं तळं साचलं. तिनं पाण्याची बाटली काढली, मरून कापडाचा कोपरा ओला केला अन् आपल्या पांढऱ्या रुमालावर घासला.

"रंग सोडते हे. दुसरं दाखवा."

"भाभीजी, यही तो सब ले जाते हैं।"

"घेऊन जात असतीन. पहिल्या धुण्यानंतर बाया तुमच्याकडं थोडी येतात भांडायले, माह्याकडं येतात."

सेठ हसला. आतून दुसरं थान मागवलं, अन् त्याच्यासोबत चहा. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसली. किती वेळ गेला मले माहीत नाही. ती एक एक कोपरा ओला करे, घासे, उजेडात धरे, अन् मले झोप नाही पण झोपेच्या आधीचं जे असते न, तसं काहीतरी होऊन राहिलं होतं. तिथंच मी प्रोजेक्टचा फॉर्म काढला अन् लिहिलं, ठरलेल्या दुकानात पोचली नाही. कारण, सूचना चूक.

बस स्टँडवर आम्ही साडेचारला पोचलो, मधात एवढा मोठा गठ्ठा. मी म्हटलं, "मावशी, एक सांगू? ते दुकान आपलं नव्हतंच."

"माहीत आहे. बोर्ड वाचला न मी."

"मंग काहून बसली तिथं?"

"मले अस्तर पाहिजे होतं बाई. तुह्या दुकानाशी काय करायचं आहे मले?" मंग गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाली, "अन् तुहं ते हिरवं शटर. शटर दिवसभर वर गुंडाळलेलं राहते, कोणाले दिसंन वं त्याचा रंग? ते निळं तं बंद होतं म्हणून दिसलं."

एवढ्यात मावसाजींचा फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला.

"भेटला का वं माल?"

"भेटला जी. चांगला भेटला."

"पोरगी होती न संग? तिनंच नेलं असंन दुकानात."

मावशी गठ्ठ्याची गाठ आवळायले लागली.  नियम संपला होता, म्हणून मीच फोनजवळ तोंड नेलं. "मावसाजी, मी मागं होती. एक शब्द नाही बोलली मी. अन् माझं लिहिलेलं चुकलंच होतं. तिनं तिचं तिनं दुकान शोधलं."

तिकडून पोतं टेकवल्याचा आवाज आला. कोणीतरी खोकललं.

"बरं," मावसाजी म्हणाले. "सुतार बसून आहे इथं समोरच्या खोलीत दुपारपासून. फळ्या किती रुंद पाहिजे म्हणते तो."

मावशीनं गठ्ठ्यावर वीत ठेवली, मंग दुसरी वीत, मंग चार बोटं. ओठ हलत होते.

"त्याले म्हणा, बसून राहा," ती म्हणाली. "मी आल्यावर सांगतो."