वाचायला गेलेलं पुस्तक

सुहास मुळे सर दमलेले नव्हते असा एकही दिवस मला आठवत नाही. शेवगावहून सकाळच्या एसटीने तिसगावला, तिथून मिळेल त्या टेम्पोने आमच्या वस्तीवरच्या शाळेत यायचे, खुर्चीत टेकायचे आणि डोळे मिटून पाणी प्यायचे. शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन आणि शिक्षक आम्ही दोघेच. मी तापट, ते थंड. त्यामुळे इतक्या वर्षांत आमचं भांडण कधी रंगलंच नाही.

शाळेचं वाचनालय म्हणजे एक पत्र्याचं कपाट. सर येण्याआधी ते साहेबांना दाखवण्यापुरतं उघडायचं. सरांनी पुस्तकं बाहेर काढली, खताच्या गोणीतल्या प्लास्टिकची कव्हरं घातली आणि व्हरांड्यात दोरी बांधून त्यावर टांगली. शनिवारी ज्याला जे हवं ते त्याने घरी न्यायचं. दंड नाही, ओरडणं नाही. परत आणताना फक्त आत काय घडलं ते सांगायचं. गोष्ट सांगितली की पुस्तक जमा.

हे सगळं दिवाळीपर्यंत छान चालायचं. मग मुकादमाचे ट्रक यायचे आणि निम्मी शाळा आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. मार्चात पोरं परत यायची ती अक्षरं विसरून. सर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. दर वर्षी विहीर खणायची आणि दर वर्षी ती बुजलेली बघायची, असं ते काम. त्यावर सरांनी काढलेला उपाय म्हणजे जाणाऱ्या प्रत्येक पोराला एकेक पुस्तक द्यायचं. त्यातली निम्मी परत यायची नाहीत. तपासणीत सर सांगायचे, उंदरांनी खाल्ली. आमच्या शाळेतले उंदीर भलतेच वाचनप्रेमी, असं एक साहेब म्हणालेही होते.

यंदा मात्र मी आडवी गेले. एप्रिलअखेर सर निवृत्त होणार आणि कपाटाचा चार्ज माझ्याकडे येणार. म्हटलं, "सर, तुमच्या उंदरांना मी कुठवर सांभाळू? या वर्षी एकही पुस्तक बाहेर जाणार नाही."

"बरं," सर म्हणाले. वाद घालायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळी पुस्तकं परत घेतली. तिसरीतली राही शेवटी आली. कडेवर धाकटा भाऊ. गेल्या वर्षी आजीपाशी राहिली म्हणून आत्ता कुठे तिला वाचता येऊ लागलं होतं. आजी पावसाळ्यात गेली आणि आता भावाला सांभाळायला तिला जावंच लागणार होतं. बाजारातून पळालेल्या गाढवाच्या गोष्टीचं पुस्तक तिने टेबलावर ठेवलं.

"सर, पुढं त्या गाढवाचं काय हुतं?"

"आल्यावर वाच."

"आल्यावर मला वाचता येत न्हाई. पहिलीत असताना गेल्ते, तवा समदं इसरले हुते."

ती तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग पुस्तक उचलून तिच्या हातात दिलं. पोर गेल्यावर मी चिडले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांना ते कळलंही नसावं.

मार्चात ट्रक परत आले. राही आली, रापलेली, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे. हात रिकामे.

"पुस्तक कुठंय?" मीच विचारलं.

"दिलं, म्याडम. आमच्या झोपडीशेजारच्या कोपीत जळगावकडची पोरगी हुती. तिला वाचाया येत नव्हतं. निम्म्यापातूर शिकिवलं आन् त्यांची टोळी उठली. गोष्ट अर्दीच ऱ्हायली तिची, मंग देऊन टाकलं. दिवाळीला त्यांची टोळी पुन्ना तितंच येनार हाय. म्या सांगितलंय, गोष्ट सांगितली की पुस्तक जमा."

 सरांनी दोरीवरून दुसरंच एक पुस्तक काढलं, मधलं पान उघडून तिच्यापुढे धरलं. राही अडखळली, एका शब्दाला दोनदा थांबली, पण वाचत गेली. पान संपल्यावर सरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "आता गाढवाचं सांग."

तिने गाढवाची गोष्ट सांगितली. सर डोळे मिटून ऐकत होते. झोप लागली की काय, असं मला वाटलं; पण त्यांच्या गालावर पाणी आलं होतं.

एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघांनी कपाटातली पुस्तकं मोजली. "एक कमी आहे मॅडम," सर म्हणाले. "लिहा, उंदरांनी खाल्लं."

"कशाला? वाचायला गेलंय. दिवाळीनंतर माझ्याकडे जमा होईल." मी चार्जच्या कागदावर सही केली. सही करताना धास्ती होतीच. ती काही गेली नव्हती.

सरांनी पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेले आणि वळले. "मला कळवाल ना? ती जळगावची पोरगी वाचायला लागली का ते."

"कळवते की," मी म्हटलं.

ते टेम्पोची वाट बघत रस्त्याकडेला उभे राहिले. व्हरांड्यात राही भावाला मांडीवर घेऊन अक्षरावर बोट ठेवत वाचत होती. मी कळवते म्हणून बसले होते खरी, पण त्या पोरीचं काय झालं हे कळायला राहीला दिवाळीनंतर पुन्हा ऊसतोडीला जावं लागणार होतं.