पुसायची की ठेवायची

"घर पडलं तर पुन्हा बांधता येतं, पेटी गेली की गेली," असं तो येता-जाता म्हणायचा, म्हणून त्याचं नावच पेटीवाला पडलं. बायको म्हणायची, घरातली किल्ली सापडत नाही, आणि हे जगाच्या पेट्या सांभाळणार!

रुग्णालयाच्या सर्व्हरखोलीत त्याची नोकरी. तिथं एकेका यंत्राच्या पोटात दहा-दहा आभासी यंत्रं नांदत. त्यांच्यावर प्रोग्राम उठत, मरत, दुसरीकडे पुन्हा जन्म घेत. मरणाऱ्याची माहिती मागे उरावी म्हणून सामाईक साठ्यातून डिस्क, त्याच्या भाषेत पेटी, कापून द्यायची, हे पेटीवाल्याचं काम. प्रोग्रामनं मागणी नोंदवली की त्यानं घालून दिलेल्या नियमानं डिस्क आपोआप मिळे.

एका सकाळी प्रोग्रामर बाई पांढऱ्याफटक चेहऱ्यानं दारात आली. जुनी समजून तिनं प्रयोगशाळेची चालू मागणी रद्द केली होती. पेटीवाल्यानं पडद्यावर पाहिलं. डिस्कपुढं नियम होता : मागणी गेली की पुसा. चाचणीच्या डिस्क साचतात म्हणून त्यानंच तो सरसकट लावला होता. प्रोग्राम अजून डिस्क धरून होता, तेवढ्यावर रद्द झालेली मागणी तगली होती. तो बंद पडला की डिस्क पुसली जाणार. राखीव प्रत तीन आठवड्यांपूर्वीची. त्यानंतरचे रुग्णांच्या गाठींच्या तपासणीचे सगळे अहवाल जाणार.

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई आल्या. प्रोग्राम रखडतोय, बंद करून चालू करा, म्हणाल्या; तिकडं सर्जन हात धुऊन अहवालाची वाट बघतायत.

"आत्ता बंद केला तर अहवालच उरणार नाही, बाई."

"आणि आपोआप बंद पडला तर?"

'पुसा'च्या जागी 'ठेवा' असा हुकूम त्यानं सोडला. पडदा ढिम्म. पंखे घोंघावत होते. बाई घड्याळाकडं बघत होत्या, प्रोग्रामर त्याच्या बोटांकडं. बऱ्याच वेळानं नियमाची ओळ बदलली. ती त्यानं तीनदा वाचली.

"आता मरू द्या त्याला."

प्रोग्रामरनं प्रोग्राम बंद केला. प्रोग्राम गेला, मागणी गेली, डिस्क राहिली. डिस्कवरचं जुन्या मागणीचं नाव काढून त्यानं नवी मागणी त्याच डिस्कला बांधली. प्रोग्राम पुन्हा चालू झाला, अहवाल उघडला, बाईंनी तो फोनवर सर्जनला वाचून दाखवला. मग फोन ठेवून विचारलं, हा घोळ कुणाचा?

प्रोग्रामरनं तोंड उघडलं, पण तो आधी बोलला, "रद्द कुणाकडूनही होतं. पुसायचा नियम माझा."

एवढं बोलून तो साहेबांच्या खोलीकडं निघाला. लांबलचक बोळ, पायांत जुन्या चपला, चाल नेहमीचीच. प्रोग्रामर बाई दाराची चौकट धरून तो वळेपर्यंत बघत राहिली.