साखऱ्याच्या बायांची रीत

साधना साखरा गावची. सुट्टी लागली की ती आईच्या, चंद्रभागाबाईच्या, टोळीत खुरपायला जाते आणि एरवी हिंगोलीत माझ्या कॉम्प्युटर लॅबमध्ये येते. मी तिचा सर. पोरगी हुशार आहे हे ठाऊक होतं. माझी चूक काढण्याइतकी हुशार आहे हे परीक्षेच्या दिवशी कळलं आणि खरं सांगतो, आधी मला ते मुळीच आवडलं नाही.

शेवटच्या वर्षाचा तिचा प्रकल्प म्हणजे हळदीच्या पानांचे बारा हजार फोटो तपासून रोग ओळखायचा. परीक्षकांनी आधीच बजावलं होतं, "माझ्यासमोर चालवा, तासाभरात निकाल नाही आला तर नापास." आमच्या मशीनच्या प्रोसेसरला आठ कोअर, एकाच वेळी राबणारे आठ गडीच म्हणा. मी फर्मावलं, प्रत्येकाला दीड हजार फोटो. परीक्षेच्या दिवशी सकाळी चालवून पाहिलं, तर सात कोअर वीस मिनिटांत मोकळे होऊन हातावर हात धरून बसले. आठव्याच्या वाट्याला नेमके सगळे जड, तपासायला वेळ खाणारे फोटो आलेले. तो दोन तास रखडला.

"सर, वाटणी बराबर न्हाई," साधना म्हणाली.

"दीड हजार म्हणजे दीड हजारच!" मी खेकसलो.

"फोटो सारखे हायत, काम सारखं न्हाई. खुरपताना आमच्यात प्रत्येकीला पात असती, तिच्या ओळींचा वाटा. एखादीच्या पातीत तण लई निघतं. मग जिची पात आधी सरली ती बसून राहत न्हाई. मागं पडलेलीच्या पातीला पल्याडच्या टोकाकडून खुरपाया लागती."

दुसरा उपाय माझ्याकडेही नव्हता. मी तिच्यासाठी खुर्ची सोडली. तीन तास ती प्रोग्रॅम बदलत होती, तिनं मान वर केली नाही.

चार वाजता परीक्षकांसमोर प्रोग्रॅम सुरू झाला. जो कोअर मोकळा होई, तो मागं पडलेल्याचे फोटो उचलू लागे. पस्तिसाव्या मिनिटाला बारा हजार फोटो संपले.

"मोकळा कोअर यादीच्या शेवटाकडून फोटो का उचलतो? पुढून का नाही?" परीक्षकांनी विचारलं.

हे मी तिला विचारलंच नव्हतं आणि मलाही सांगता आलं नसतं.

साधनानं बोटावरचा जुना व्रण दाखवला. "पुढून घुसलं की दोन कोअर एकाच फोटोवर आदळतील, जशी एकाच ओळीवर दोघींची खुरपी भिडतात, सर. मी लहानपणी घुसले व्हते."

परीक्षकांनी वाकून ते बोट पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "छान शिकवलंत हो."

"मी नाही शिकवलं," मी म्हणालो. इतक्या अभिमानानं मी आयुष्यात कधी 'नाही' म्हटलं नव्हतं.