पोटातल्या गाठी

"गर्भाशयात गाठी आहेत," डॉक्टरीणबाई हात धूत म्हणाल्या, आणि मला पुढचं काही ऐकूच येईना. तेव्हा सोनोग्राफी नव्हती. त्यांनी हातानंच तपासलं होतं. गाठ म्हणजे कॅन्सर, एवढंच मला ठाऊक. मी चौतिशीची, मंगळवार पेठेतल्या शाळेत शिकवत होते. मूल नव्हतं. पाळीत इतकं रक्त जायचं, की वर्गात खुर्चीवरून उठायची भीती वाटायची.

"हा कॅन्सर नाही, बाई," त्यांनी समजावलं. "पण अंगात रक्त उरलेलं नाही. पिशवी काढली तर त्रास कायमचा मिटेल. नुसत्या गाठी काढल्या तर मुलाची आशा राहील, पण त्या पुन्हा होऊ शकतात. आणि ऑपरेशनमध्ये रक्त थांबलंच नाही, तर पिशवी काढावी लागेल."

घरी ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी आईला बोलावून घेतलं. मला धास्ती सासूबाईंची होती. नातवासाठी त्यांनी किती उपास केले होते. त्या हातकणंगल्याहून आल्या आणि माझा पांढराफटक चेहरा बघून म्हणाल्या, "पोर न्हाय झालं तर न्हाय. तू जगायला पायजेस की!"

धीर आला, तरी आशा सुटेना. मी नुसत्या गाठी काढायला सांगितलं. गुंगीतून जाग येताच विचारलं, "पिशवी आहे ना?"

"व्हय, हाय," सासूबाई म्हणाल्या.

मूल पुढंही झालं नाही. पाळी मात्र ताळ्यावर आली. तरी कितीतरी वर्षं, जरा दुखलं की माझा हात ओटीपोट चाचपायला जायचा.