बुवा ऑनलाइन आहेत!

भजनी मंडळात किस्से शोधावे लागत नाहीत. चार माणसं टाळ घेऊन बसली की किस्सा आपणहून सतरंजीवर येऊन बसतो. त्यात आमच्या मंडळाला व्हिडिओ कॉल लागला, मग काय विचारता!

घोडपदेवची आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि मंडळ पांगलं. कोण विरारला, कोण बदलापूरला, मी डोंबिवलीत. दाजी बुवा तेवढे भायखळ्याला मुलाकडे. भजनात बुवा म्हणजे मुख्य गायक; पेटी तेच वाजवायचे, ओळ तेच सांगायचे, आम्ही मागे कोरस. तालीम बंद पडली तसे बुवा म्हणाले, "लालबागच्या स्पर्धेत औंदा गजर रंगलो नाय, तर पेटी गावाक नेऊन ठेवतलंय. मंडळ बंद!"

बंद कसं होऊ द्यायचं हो! वडिलांपासूनचं मंडळ. शेवटी बुवांची सून सायली पुढे झाली. "तालीम व्हिडिओ कॉलवर करा. मी लावून देते."

*

पहिल्या दिवशी बुवांनी नातवाचा टॅब पेटीवर टेकवला. भाता हलला, टॅब आडवा! आम्हाला नुसतं छत.

"मी दिसतंय मां रे?"

"पंखा दिसतोय बुवा," आमच्यातला बाळा म्हणाला. "तीनवर आहे!"

*

दुसऱ्या दिवशी बुवांनी आधी गाऱ्हाणं घातलं. आमच्या कोकणात देवाला सांगितल्याशिवाय काही सुरू होत नाही.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां चारी वाटांक पांगली आसत. त्येंच्या मोबाईलाक रेंज दी! कोणाची बॅटरी उतरली आसली तर ती चढव! आणि जो कोण मधीच कॉल कट करीत, त्येका तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" डोंबिवलीतून मी ओरडलो. मागून विरार. बदलापूरचं "व्हय म्हाराजा" आलं तेव्हा पहिला अभंग अर्धा झाला होता!

*

कोरसचंही तेच. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळेला पोचायचा. त्यात आमचा पांडू गोदीतून सुटला की भायखळा मार्केटमधूनच जॉइन व्हायचा. बुवा डोळे मिटून आळवत होते, आणि मध्येच पांडूचा आवाज, "कोथिंबीर कशी दिली?"

बुवांनी डोळे उघडले. "मेल्या, अभंगात कोथिंबीर खंयसून इली?"

सायलीने फर्मान काढलं, बुवा सोडून सगळे म्यूट! आता घरात एकट्याने नुसता कोरस ओढायचा कसा? मग आम्ही बुवांची ओळपण म्हणायला लागलो. म्यूटवर कोण अडवणार! बायकोने किचनचं दार लावून घेतलं.

*

बाळा आमचा पखवाजवाला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय घुमत नाही. एकदा तालमीच्या आधी ऑफिसची मीटिंग लांबली. बाळा कॉम्प्युटरसमोर, हातात कणकेचा गोळा, मळणं चालू. कॅमेरा ऑन!

साहेब थांबले. "बाळा, घरी चपात्या तू करतोस?"

भजनाची तालीम आहे असं साहेबांना सांगायची सोय नव्हती. "हो सर. रोज."

तेव्हापासून ऑफिसातल्या बायका आपल्या नवऱ्यांना बाळाचं उदाहरण देतात. बाळाची बायको अजून त्या चपातीची वाट बघतेय.

*

एका संध्याकाळी मात्र बुवा मध्येच थांबले. "माका कोणाचो आवाज येणां नाय रे. भिंतीफुडे गातंय असा वाटता." त्यांनी स्वतःच कॉल कट केला. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या म्हणण्यात खोटं काय होतं?

दुसऱ्या दिवशी बुवा नाहीत. आम्ही ठरवलं नव्हतं, पण सगळे जॉइन झालो, म्यूट झालो आणि गायला लागलो. सायलीने टॅब नेऊन बुवांच्या समोर धरला. आवाज काहीच नाही, नुसती तोंडं हलतायत. बुवांनी पेटी पुढे ओढली.

*

आणि लालबागची स्पर्धा. हॉल भरलेला, समोर परीक्षक. इतक्या महिन्यांनी आम्ही एका सतरंजीवर. अभंग झाले, शेवटचा गजर रंगात आला, बुवांनी वरची ओळ घेतली आणि त्यांचा आवाजच बसला. तोंड उघडं, सूर नाही.

बुवा थांबले की कोरस थांबतो. एरवी आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो असतो. पण कोणी कोणाकडे बघितलंच नाही. पांडू, मी, विरार, बदलापूर, सगळ्यांनी एकदम बुवांची ओळ उचलली! हरकतींसकट! बाळाने पखवाज असा घुमवला की मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, लोक पुढे येऊन टाळ्यांचा ठेका धरून उभे. बुवांच्या डोळ्यांना धार, पण बोटं पेटीवर चालूच.

पहिला नंबर!

परीक्षक शाल घेऊन स्टेजवर चढले आणि गोंधळले. "तुमच्यात बुवा नक्की कोण?"

दाजी बुवांनी बसलेल्या आवाजात सांगितलं, "हे सगळे. मी पेटीवालो!"