पिठातला चंद्र

इथं पुण्यात, परक्या स्वयंपाकघरात नाचणीचं पीठ चाळताना वास आला आणि जंगलातल्या गणेशगुडी गावचं लॉज आठवलं. तिथं मी भाकऱ्या करायची. चंद्राचा अभ्यास करणाऱ्या एक बाई उतरल्या होत्या. गावच्या शाळेत बोलायचं होतं, म्हणून त्यांनी आधी मलाच सगळं सांगून बघितलं. मी नुसती मान हलवत होते. चौथीत शाळा सुटली, न कळता मान हलवायची तिथली सवय मात्र राहिली.

"मावशी, काय कळलं ते सांगा बघू."

मी परातीतलं पीठ हातानं सारखं केलं. "कायबी कळलं न्हाई, अक्का."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी वरून परातीतल्या पिठात चिंचोका टाकला. खळगा पडला, भोवती काठ उठला. "चंद्रावर दगड आदळले, ते असे."

"व्हय की," मी म्हटलं, या वेळी मनापासून.

तेव्हा वाटलं, शिकलेली माणसं अशीच असतात. पण त्यानंतर मला समजेपर्यंत कुणी थांबलं नाही.