देवळालीतल्या सहा कॅसेटी

लग्न मोडून मी मखमलाबादला माहेरी परत आले, तेव्हा तुला इथं जागा नाही असं मला कुणी म्हणालं नाही. उलट सगळे फार जपून वागायचे. मी स्वयंपाकघरात आले की वहिनी बोलता बोलता थांबायची. आई माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढायची. सकाळी झेंडू तोडायला सगळ्यांबरोबर निघाले, तर भाऊ म्हणायचा, "तू राहू दे गं, तू बस." त्या बसण्याचा मला इतका कंटाळा आला, की देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाल्याबरोबर मी तिथंच एका बंगल्यामागची खोली भाड्यानं घेतली. नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी तेहतीस वर्षांची होते.

बंगल्याचे मालक सत्तरीला आलेले, मूळचे गोव्याचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी पुण्यात नोकरीला. ते मला टीचर म्हणायचे, मी त्यांना अंकल. पहिलं वर्षभर आमचं बोलणं पाणी आलं का आणि गेटला कडी लावली का, याच्या पुढं गेलं नाही. पण माझ्या खोलीची भिंत त्यांच्या हॉलला लागून होती आणि भिंतीपलीकडे पियानो होता.

मला रेडिओवरची भावगीतं माहीत. हे त्यातलं काहीच नव्हतं. एखादी चाल सुरू व्हायची, ओळखीची वाटायला लागायची आणि तेवढ्यात तिथून निघून जायची. आता परत येईल म्हणून मी वह्या तपासता तपासता कान देऊन बसायचे. ती यायची, पण भलत्याच वाटेनं. जॅझ हा शब्द मला पुष्कळ पुढं कळला. तीस वर्षं ते मुंबईच्या हॉटेलांमधून हेच वाजवत होते, हेही पुढंच कळलं.

एका रविवारी त्यांनी दार वाजवलं. "टीचर, दोन मिनिटं येता काय? बटणं दाबायची हायेत. माझे हात पुरत नाय."

हॉलमध्ये काळा, उभा पियानो होता. शेजारी इस्त्रीच्या टेबलावर एक इलेक्ट्रिक कीबोर्ड, त्यांच्या पुतण्यानं आखातातून पाठवलेला. त्याच्याखाली दोन कॅसेट डेक आणि वायरींचं जंजाळ. त्यांना दोन्ही वाद्यं एकाच गाण्यात हवी होती आणि दोन्ही वाजवणारे ते एकटेच. म्हणून आधी पियानो एका डेकवर रेकॉर्ड करायचा. मग ती कॅसेट लावायची, ती वाजत असताना हेडफोन घालून वर कीबोर्ड वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या डेकवर घ्यायचं. मी फक्त रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबायची, त्यांनी मान हलवली की.

पण त्याआधी सूर जुळवायचे होते. पियानो जुना, देवळालीच्या उन्हाथंडीनं उतरलेला. तो लावणारा माणूस पूर्वी मुंबईहून यायचा, तो वारला. कीबोर्ड मात्र कारखान्यातून निघाला तसा पक्का. मग पियानोला हात न लावता कीबोर्डचा सूर त्याच्याइतका खाली आणायचा. ते पियानोची एक पट्टी दाबायचे, कीबोर्डची तीच पट्टी दाबायचे आणि मला विचारायचे, "हलतंय काय?"

खरंच हलत होतं. दोन आवाजांच्या मधे एक लाट होती. फुगायची, ओसरायची.

"हलतंय."

त्यांनी कीबोर्डमागची चकती जराशी फिरवली. "आता?"

"सावकाश हलतंय."

"आता?"

"नाही. थांबलं."

त्यांचा चेहरा उजळला. मला कॉलेजातला फळा आठवला. जवळजवळ सारख्या वारंवारतेचे दोन ध्वनी एकत्र आले की विस्पंद निर्माण होतात. याचं सूत्र मी पाठ करून गुण मिळवले होते, पण विस्पंद ऐकला त्या दिवशी पहिल्यांदा. मी त्यांना ते सांगितलं. ते म्हणाले, "हां? त्याला नाव पण हाय?" आणि वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर बहुतेक रविवार तिथंच गेले. आम्ही फारसं बोलायचो नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि कुणी न विचारण्यात एवढा आराम असतो हे मला तिथं कळलं. पियानोचा आवाज लाकडाचा, जड. त्यात पायाखालच्या पेडलची कुरकुरही यायची. कीबोर्डचा आवाज काचेच्या पेल्यावर चमचा वाजवावा आणि तो पाण्याखालून ऐकू यावा तसा. पहिल्यांदा मला दोन्ही एकमेकांना परके वाटले. आठदहा रविवारांनंतर एकटा पियानो ऐकला, की काहीतरी कमी वाटायला लागलं.

"कुणासाठी करताय हे?" मी एकदा विचारलं.

"हॉटेलात मी वाजवायचो, लोक जेवायचे," ते म्हणाले. "आता मी वाजवणार, मीच ऐकणार."

अधूनमधून भाऊ मेथी आणि वांग्यांची पिशवी घेऊन यायचा. एकदा आला तेव्हा आतून आमचीच कॅसेट वाजत होती. फाटकाशी उभ्या उभ्याच तो थोडा वेळ ऐकत राहिला. "यात शब्द नाहीत का गं?" मग खाली बघत म्हणाला, "आई विचारत होती. तू त्यांच्याकडे जातेस-येतेस, लोक काही बोलत नाहीत ना?"

"बोलायला इथं मला ओळखतं कोण?" मी म्हणाले. मला त्याची समजूत काढायची होती. पण ते वाक्य मोठ्यानं म्हटलं गेलं आणि तो चहा न घेता गेला.

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमधली एक दुपार. पाचवी कॅसेट चालू होती. हेडफोन घालून ते कीबोर्ड वाजवत होते आणि एकाएकी थांबले. हात तसेच पट्ट्यांवर. त्यांनी एक पट्टी दाबली, पुन्हा दाबली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "टीचर, गेलं काय? सगळं गेलं?"

मला काही समजेना. मग लक्षात आलं. मी वर बोट दाखवलं. पंखा थांबत आला होता. वीज गेली होती.

ते हसले, आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. स्टूल सोडून ते पियानोपाशी जाऊन बसले आणि त्याच्या फळीला गाल टेकवला. तिथूनच त्यांनी सांगितलं. डावा कान कधीचाच गेला होता, वर्षानुवर्षं ड्रमच्या शेजारी बसून. आता उजवा चालला होता. वरचे सूर आधी, एकेक करून. हेडफोनचा आवाज मोठा करून कीबोर्ड अजून ऐकू येत होता. पियानो जवळजवळ नाही. तो ते गुडघ्यानं ऐकत. गुडघा लाकडाला टेकवून.

"हे गुडघ्यानं, ते कानानं," ते म्हणाले. "दोन मिळवले तर गाणं पूर्ण होतंय."

सूर जुळले का, हे ते मला का विचारत होते, ते तेव्हा कळलं. मला वाटलं होतं, ते माझं मन राखायला विचारतात.

"मुलीला सांगू नका. ती लगेच उचलून घेऊन जाणार."

मी सांगितलं नाही. ती महिन्या दोन महिन्यांतून यायची, मला नमस्कार करायची, "डॅडी ठीक आहेत ना?" विचारायची आणि मी हो म्हणायचे. त्यांच्यासाठी गप्प राहतेय असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे ते गेले की माझा रविवार जाणार होता.

पावसाळा संपता संपता बाजाराच्या रस्त्यावर त्यांना मागून स्कूटरनं उडवलं. स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला होता म्हणे, बराच वेळ. मांडीचं हाड मोडलं. नाशिकरोडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या कानांबद्दल विचारलं, तेव्हा मुलगी माझ्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ती ओरडली नाही. मग पाठ फिरवून डॉक्टरांशी बोलू लागली. महिन्याभरात ती त्यांना पुण्याला घेऊन गेली. बंगला विकायला निघाला, पियानो एका शाळेनं नेला. निघताना अंकलनी एक पुठ्ठ्याचं खोकं माझ्या हातात दिलं. त्यात सहा कॅसेटी होत्या. नावं नाहीत, नुसते आकडे. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करून हात बाहेर काढला.

पुढं मी नाशकात इंदिरानगरला छोटा फ्लॅट घेतला. शाळा बदलली. नव्या शाळेतल्या एका मैत्रिणीला घरी बोलावून मी तिसऱ्या नंबरची कॅसेट लावली. तिनं दहा मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "छान आहे, पण गाणं कधी सुरू होणार?" मी कॅसेट बंद करून पोहे केले. त्यानंतर कुणाला ऐकवलं नाही.

चारपाच वर्षं मी पुण्याला जाण्याचं धाडस केलं नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत पत्ता शोधत गेले. दार मुलीनंच उघडलं. क्षणभर तिला ओळख पटली नाही. पटल्यावरही ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "या. खूप खूश होतील."

अंकल खिडकीजवळच्या खुर्चीत होते. आता काहीच ऐकू येत नव्हतं. समोर पाटी होती, जे सांगायचं ते लिहायचं. मी खडूनं लिहिलं, 'कॅसेटी आणल्यात.' पिशवीतून सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर काढला आणि चौथी लावली. त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला, दोन्ही तळवे त्याच्यावर दाबले आणि डोळे मिटले. मुलगी दारात थांबली होती. जरा वेळानं त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"स्लो चाललाय," ते म्हणाले. "सेल बदला."

मुलगी खाली जाऊन सेल घेऊन आली. खरंच, नवे सेल घातल्यावर गाणं सावरलं. त्यांनी पाय हलवायला सुरुवात केली.

स्वयंपाकघरात चहा गाळताना तिनं विचारलं, "हे कधी केलं त्यांनी?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"कधी बोललेच नाहीत. मी यायचे तेव्हा सगळं चादरीखाली असायचं. मला वाटायचं, आई गेल्यावर त्यांनी वाजवणं सोडलं." गाळणी बाजूला ठेवत म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात मी..."

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले. "मी सांगायला हवं होतं."

तिनं मान हलवली. मी निघताना खोकं तिथंच ठेवलं. टेपरेकॉर्डरही ठेवला. तिनं नको म्हटलं नाही.

पुढच्या थंडीत ते गेले. तिनं फोन केला, शांतपणे सांगितलं. अधूनमधून ऑफिसातून आल्यावर ती एखादी कॅसेट लावते, असंही म्हणाली. कॅसेटींच्या प्रती मागाव्यात असं माझ्या मनात होतं, पण मागितल्या नाहीत. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

नंतर ती वर्षातून एकदा फोन करायची, नाताळाच्या आसपास. लग्न तिनं केलंच नव्हतं, मी पुन्हा केलं नव्हतं. एकदा विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं एकट्या राहता. भीती नाही वाटत?"

"भीती नाही वाटत," मी म्हणाले.

मग काय वाटतं, ते तिनं विचारलं नाही. तिनं थंडीचं विचारलं आणि मी म्हणाले, यंदा नाशकात फार आहे.